सराटे, शॉर्ट्स आणि रविवारची खरेदी

दिवाळीचा बोनस जमा झाला की आमच्या रविवारच्या मंडळींच्या सायकलींना नवे अवयव फुटतात. पहाटे साडेपाचला चार हुतात्मा पुतळ्यापाशी जमायचं ठरलेलं असतं, पण निघायला सहा वाजतात, कारण ज्याच्या हँडलला काही नवं लागलंय त्याच्याभोवती आधी घोळका होतो. मोबाइलचे टॉर्च लागतात, वस्तू हातोहात फिरते, "केवढ्याला पडलं?" होतं आणि आकडा ऐकल्यावर लगेच "घरी किती सांगितलं?" हा दुसरा प्रश्न येतो. आमच्यातल्या इंजिनिअर साहेबांची सगळी पार्सलं ऑफिसच्या पत्त्यावर येतात, एवढंच सांगते.

मी शाळेत गणित शिकवते. त्यामुळे माझी खरेदी फार हिशोबाने होत असणार असा सगळ्यांचा समज आहे, तो मी मोडत नाही. यंदा गटात काय काय आलं आणि त्यातलं सोलापुरात काय चालतं, काय नाही, याबद्दल माझी मतं ठाम आहेत. परीक्षणं वाचून, व्हिडिओ बघून वस्तू घ्यायला हरकत नाही, पण ते करणारा माणूस बहुतेक वेळा आपल्या रस्त्यावरून कधी गेलेला नसतो.

सगळ्यात महागाची वस्तू डॉक्टरांनी आणली. गार्मिनचा रडार. सीटखाली लावायचा लाल दिवाच तो, पण मागून येणारी गाडी १४० मीटरवर असतानाच तिला हेरतो आणि हँडलवरच्या कॉम्प्युटरवर एक ठिपका सरकत सरकत वर येतो. चौकात दाखवला तेव्हा सगळे गप्प झाले. मग आम्ही पुणे हायवेला लागलो आणि यंत्र जे बोलायला लागलं ते थांबेचना. ६५ आणि ५२ असे दोन राष्ट्रीय महामार्ग आपल्या गावात एकमेकांना भेटतात, इथे मागे ट्रक नाही असा क्षण कुठून आणायचा? पाकणीच्या अलीकडेच डॉक्टरांनी आवाज बंद केला. आतल्या, शांत रस्त्यांना रडार उत्तम आहे, यात वाद नाही. पण आपल्याकडे भीती पुढची जास्त. उलट्या बाजूने, दिवा न लावता, दोन्हीकडे दुधाच्या किटल्या लटकवून येणारी मोटारसायकल. किंवा गाळप हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, ज्याला मागे दिवा तर नाहीच, साधी लाल चिंधीही नाही. त्या ट्रॅक्टरच्या मागे आपण असतो, तो आपल्या मागे नसतो. "डॉक्टर, हे पुढे तोंड करून लावता येतं का?" असं मी विचारलं तर गटातले अण्णा हसले, डॉक्टर नाही हसले.

माझा पैसा यंदा टायरांत गेला. हँडलवर दाखवण्यासारखं त्यात काही नसल्याने कुणी टॉर्च मारला नाही, पण मला विचाराल तर सोलापूरकराने पहिला रुपया टायरवर घालावा.

कारण सराटे. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला जमिनीसरसा पसरतो, बारीक पिवळी फुलं येतात, दिसायला अगदी निरुपद्रवी. दिवाळीच्या सुमारास फळ वाळतं, फुटून त्याचे तुकडे होतात आणि तुकडा कसाही पडला तरी एक काटा वर असतोच. आणि हे सगळं नेमकं डांबराच्या कडेला, म्हणजे ट्रक जिथे आपल्याला ढकलतो तिथेच. सराट्यातून वाचलात तर वेडी बाभूळ आहे. शेतकरी बांधाला तिच्या फांद्या लावतो, ट्रॅक्टर त्या ओढत नेतो, काटे रस्त्यावर. पण सगळ्यात दुष्ट म्हणजे हायवेवरची तार. ट्रकचे टायर फुटून त्यांच्या चिंध्या कडेला पडलेल्या असतात ना, त्यांच्यातून केसाएवढ्या बारीक पोलादी तारा सुटतात. काट्याने निदान हवा लगेच जाते. तार काय करते, तुम्हाला घरी येऊ देते, रात्रभर हवा सोडते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही नवी ट्यूब टाकता. तार टायरमध्येच असते. नवी ट्यूबही जाते.

यावर आमच्या अण्णांचा उपाय. अण्णांचा यंत्रमागाचा धंदा होता, आता मुलगा बघतो. गटात वयाने सगळ्यात मोठे आणि खरेदीत सगळ्यात मागे. त्यांनी मला हिप्परग्याच्या तलावाजवळ रस्त्यात बसवून शिकवलं. टायर आतून बोटाने चाचपायचा नाही, बोट कापतं. कापसाचा बोळा घ्यायचा आणि टायरच्या आतून हळूहळू फिरवायचा. तार असेल तिथे कापसाचा तंतू अडकतो. मग बाहेरून बघायचं, टॉर्च आडवा धरून, आणि चिमट्याने ओढायचं. "नखानं नाही यायची ओ मॅडम, चिमटाच लागतो." मी नवी पेठेत भुवयांचा चिमटा घेतला, टोकदार बघून. गटातल्या सगळ्यांच्या खरेदीत पैशाला पुरेपूर उतरलेली वस्तू हीच. डॉक्टरांनी दुसऱ्याच आठवड्यात दवाखान्यातला आणला, तो अर्थातच जास्त चांगला आहे.

तर टायर. सायकलबरोबर आलेले २५ मिलिमीटरचे गुळगुळीत टायर काढून मी श्वाल्बे मॅरेथॉन घातले, ७०० बाय ३२, म्हणजे ३२ मिलिमीटर रुंद. जर्मन कंपनीचा टायर, रस्त्याला लागणाऱ्या रबराखाली तीन मिलिमीटर जाडीचा आणखी एक लवचीक थर. काटा रुततो, पण त्या थरात अडकून बसतो. वजन आहे, खोटं बोलत नाही. पहिल्या चढालाच कळतं. इंजिनिअर साहेब म्हणाले, "मॅडम, स्पीड जाईल." जाऊ दे की. रस्त्याच्या कडेला ट्यूब बदलत बसलेल्या माणसाचा ताशी वेग शून्य असतो, सरासरी काढताना तोही धरायचा असतो.

घेण्याआधी पुढचं चाक धरणारा फोर्क आणि मागच्या दांड्या यांमधली जागा मोजा. माझ्या सायकलला डिस्क ब्रेक आहेत म्हणून ३२ बसला. रिम ब्रेकवाल्या पुष्कळ रोड बाइकमध्ये २८ च्या वर जात नाही. आणि बसवताना अंगठे सोलतात. शेवटची वीतभर कड रिमवर चढतच नाही. तेव्हा जोर लावायचा नाही, टायर उचकटायचा लिव्हर तर अजिबात घालायचा नाही, ट्यूब चिमटते. समोरच्या बाजूपासून दोन्ही कडा दाबत दाबत रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत यायचं, तिथे घेर कमी असतो, म्हणून इकडे तेवढी ढिलाई मिळते. घेर आणि व्यास सातवीला शिकवताना हे उदाहरण आता मी देते. मुलं सायकल पाहायला मागतात.

रुंद टायरला हवाही कमी लागते. पूर्वी मी ९५ पीएसआय दाबाने भरायची, आता ६५-७० वर भागतं आणि मनगटांना आराम. उन्हाळ्यात सायकल उन्हात लावली की चार-पाच पीएसआय आपोआप वाढतात, तेही जमेला धरा.

इंजिनिअर साहेबांनी टायर ट्यूबलेस करून घेतले. आत पांढरं द्रव सीलंट, भोक पडलं की ते तिथे येऊन थिजतं. सराट्याला हा फार चांगला उपाय आहे, हे मान्य. पण सीलंट वाळतं, आणि आपल्या एप्रिल-मेच्या बेचाळीस अंशांत तर भराभर वाळतं. त्यांचा जुना टायर उघडला तेव्हा आत खरवसासारखा थर धरला होता, द्रव थेंबभर नाही. उन्हाळ्यात दर दोन महिन्यांनी बघायची शिस्त असेल तर घ्या. नसेल तर माझ्यासारखं जाड रबर बरं.

व्हॉल्व्हबद्दल थोडं, कारण नवीन मंडळी इथे हमखास अडकतात. भारी सायकलींना प्रेस्टा व्हॉल्व्ह येतो, बारीक, टोकाला इवलीशी चाकी. तुळजापूर रस्त्याला एका पंक्चरवाल्याकडे थांबलो तर तो बराच वेळ चाकाकडे बघत राहिला. "ह्यात हवा कुठनं घालायची?" त्याच्या कॉम्प्रेसरची नळी मोटारसायकलच्या व्हॉल्व्हची. पितळेचा छोटा अडॅप्टर मिळतो, प्रेस्टावर फिरवला की कुठल्याही पंक्चरच्या दुकानात हवा मिळते. मी एक व्हॉल्व्हलाच लावून ठेवलाय, एक पिशवीत. आणि हो, कंप्रेसरने भरताना मापात राहा, ट्रकचा टायर भरायची सवय असलेला हात असतो तो.

कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या नळकांड्या डॉक्टर वापरतात, चुटकीसरशी चाक टणक. मात्र हा वायू रबरातून साध्या हवेपेक्षा लवकर झिरपतो, दुसऱ्या दिवशी टायर मऊ लागला की ते पुन्हा पंक्चर शोधत बसायचे. घरी आल्यावर तो सोडून साधी हवा भरायची, झालं.

आता शॉर्ट्स आणि सीट. यावर चौकात कुणी बोलत नाही, बायका तर नाहीच नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

पॅडवाली शॉर्ट्स आतल्या कपड्याशिवाय घालायची असते. हे मला कुणी सांगितलं नाही, दुकानातल्या मुलाने सांगायची तर सोयच नव्हती. आत दुसरा कपडा असला की त्याची शिवण घासते आणि पॅडचा सगळा उद्देशच गेला. गावातून जाताना मी वरून सैल सलवार घालते, उजवा पायचा क्लिपने आवळून, नाहीतर चेन ओढून घेते. हायवेला लागलं की सलवार घडी करून पिशवीत. पहिल्यांदा गल्लीतल्या काकू बघत राहिल्या होत्या. आता त्यांची सून येते आमच्याबरोबर, तिला शॉर्ट्स मीच घ्यायला लावली.

सीट मऊ असावी हा गैरसमज काढून टाका. जेलचं जाड कव्हर पहिल्या पाच किलोमीटरला स्वर्ग, पंचवीस किलोमीटरनंतर मांड्या सोलते. वजन बसतं ते दोन हाडांवर, आणि त्या दोन हाडांना आधार मिळण्याइतकी सीट रुंद हवी. बायकांमध्ये हे अंतर साधारणपणे जास्त असतं, म्हणून पुरुषांच्या मापाची अरुंद सीट आपल्याला टोचते. माप घरी काढता येतं. फ्रिजच्या खोक्याचा पन्हळी पुठ्ठा कापायचा, लाकडी पाटावर ठेवायचा, पातळ कपड्यात त्यावर बसायचं, गुडघे जरा वर घेऊन पुढे झुकायचं. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतात. त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजायचं. माझं तेरा सेंटिमीटर आलं. त्यात दोन-अडीच सेंटिमीटर मिळवले आणि १५५ मिलिमीटरची, मधे खाच असलेली सीट घेतली. ह्यांनी पाटावरचा पुठ्ठा बघून विचारलं, "हा कुठला प्रयोग?" मी पट्टी हातात दिली आणि म्हटलं, "तुमचंही काढून देते." नको म्हणाले.

बाकीचं भराभर. दुहेरी भिंतीची बाटली घ्या, मार्चनंतर साध्या बाटलीतलं पाणी अर्ध्या तासात आंघोळीचं होतं. घाम पुसायला विदेशी मायक्रोफायबर कशाला, गावात टेरी नॅपकिन विणतात, तोच हँडलला बांधा. पेडलला अडकणारे क्लिपवाले बूट मी घेतलेले नाहीत. सात रस्त्याच्या सिग्नलला पाय न सुटल्यामुळे इंजिनिअर साहेब उभ्याउभ्या, अगदी सावकाश, आडवे झाले ते मी बघितलंय.

अण्णांनी काही घेतलं नाही. त्यांच्याकडे अजून अ‍ॅटलस आहे. त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना २०२० मध्ये बंद पडला, तोही ३ जूनला, जागतिक सायकल दिनी. हे अण्णा दर नव्या माणसाला सांगतात आणि मग ब्रेकच्या दांड्यांना तेल घालतात.

एक खरेदी बाकी आहे. येत्या हंगामात २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सफर, करायची ठरवली आहे, साडेतेरा तासांत. अंधारात रिफ्लेक्टिव्ह जॅकेट लागतंच. बाजारात मिळतात ती बांधकामावरच्या माणसांची, माझ्या अंगात पोत्यासारखी फडफडतात, वाऱ्यात तर शीड होतं. पण गणवेश शिवण्यात सोलापूरचं नाव आहे, आणि माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांचा तोच कारखाना. चमकती पट्टी त्यांच्याकडे गुंडाळीच्या गुंडाळ्या पडलेली. जाळीचं कापड, कमरेत घेतलेलं, मागे दोन खिसे, खांद्यावरून आणि कमरेभोवती पट्टी, असं चित्र काढून दिलंय. काकूंच्या सुनेचं मापही देऊन आले. मंगळवारी तयार होईल म्हणाले. निघताना त्यांनी मागून हाक मारली, "मॅडम, खिशावर शाळेचा बिल्ला लावायचा का?"