साक्षीदार न ऐकता दिलेला निकाल

१३ फेब्रुवारी २०२१ रोजी अमेरिकेच्या सिनेटमधील ५७ सदस्यांनी डोनाल्ड ट्रम्प यांना दोषी ठरवले, ४३ जणांनी निर्दोष ठरवले आणि ट्रम्प सुटले, कारण महाभियोगात दोष सिद्ध होण्यासाठी दोनतृतीयांश, म्हणजे शंभरांपैकी ६७ मते लागतात. त्याआधी ५ फेब्रुवारी २०२० रोजी त्यांच्यावरचा पहिला महाभियोग ४८ विरुद्ध ५२ आणि ४७ विरुद्ध ५३ अशा मतांनी फेटाळला गेला होता. दोन्ही निकालांनंतर तिकडच्या लोकांमध्ये जो संताप उसळला, त्याची धग नागपुरातही पोहोचली. धरमपेठेत आणि प्रतापनगरात मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत नाही अशी घरे आता मोजकीच राहिली आहेत. न्यूजर्सीत राहणारी माझ्या मित्राची मुलगी दुसऱ्या निकालानंतर फोनवर म्हणाली, ‘काका, सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिलं, तरी माणूस सुटतो कसा?’

मी फौजदारी वकील आहे, त्यामुळे माणूस कसा सुटतो हे मला नवीन नाही. संशयाचा फायदा मिळून सुटतो, पंच फितूर झाल्यामुळे सुटतो, तपासात राहिलेल्या फटीतून सुटतो. कधीकधी तो खरोखरच निर्दोष असतो, हेही लोक विसरतात. अशा निकालानंतर फिर्यादीच्या घरचे कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून रडतात, ते दृश्य वाईट असते. पण त्यांच्या हाती निदान काही कागद पडतात. साक्षीदारांच्या जबान्या असतात, उलटतपासणी असते, आणि न्यायाधीशाने कोणत्या मुद्द्यावर कोणत्या कारणाने काय ठरवले हे सांगणारे निकालपत्र असते. ते पटले नाही तर अपील करता येते. सिनेटच्या या दोन्ही निकालांत माझ्या मते खटकण्याजोगी गोष्ट ट्रम्प सुटले ही नव्हती. ते कोणाचीही साक्ष न होता सुटले, ही होती.

पहिल्या महाभियोगातील आरोप असा होता की, युक्रेनने आपले राजकीय प्रतिस्पर्धी जो बायडेन यांच्या चौकशीची घोषणा करावी म्हणून ट्रम्प यांनी त्या देशाची मंजूर झालेली लष्करी मदत अडवून धरली. त्यांचे माजी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार जॉन बोल्टन यांनी, समन्स आले तर आपण साक्ष देऊ, असे जानेवारी २०२० मध्येच जाहीर केले होते. म्हणजे साक्षीदार दाराशी उभा होता. तरीही ३१ जानेवारीला ५१ विरुद्ध ४९ मतांनी ठरले की साक्षीदार बोलवायचेच नाहीत. टेनेसीचे सिनेटर लमार अलेक्झांडर यांची भूमिका तर अशी होती की, घडले ते सिद्ध झालेलेच आहे, ते अनुचितही आहे, पण पदावरून काढण्याइतके गंभीर नाही, तेव्हा आणखी पुरावा हवा कशाला? गुन्ह्याचे गांभीर्य साक्षीतून ठरते, साक्षीच्या आधी ठरत नाही, हे कोणताही कनिष्ठ न्यायाधीश त्यांना सांगू शकला असता. १८६८ मध्ये अँड्र्यू जॉन्सन यांच्या खटल्यात साक्षीदार तपासले गेले होते. १९९९ मध्ये क्लिंटन यांच्या खटल्यातही निदान चित्रफितीवर जबान्या घेतल्या गेल्या. दोघेही सुटले. जॉन्सन तर अवघ्या एका मताने.

हा सारा दोष एकाच पक्षाच्या माथी मारणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. ६ जानेवारी २०२१ रोजी ट्रम्प समर्थकांनी कॅपिटलवर, म्हणजे अमेरिकेच्या संसद भवनावर, केलेल्या हल्ल्यानंतरच्या दुसऱ्या खटल्यात, शेवटच्या दिवशी सकाळी, सिनेटने ५५ विरुद्ध ४५ मतांनी साक्षीदार बोलावण्यास मंजुरी दिली होती. काही तासांतच दोन्ही बाजूंत समझोता झाला, एका रिपब्लिकन महिला सदस्याचे लेखी निवेदन नोंदीत घेण्यात आले आणि त्याच दुपारी मतदान उरकले. पाच दिवसांत खटला संपला. आरोप लावणारे डेमोक्रॅटच इथे मागे हटले, आणि त्याचा जाब त्यांच्या समर्थकांनी म्हणावा तसा विचारला नाही.

वकील म्हणून मला याच खटल्यातील आणखी एक गोष्ट सहन होत नाही. ट्रम्प पदावरून पायउतार झाले असल्याने सिनेटला त्यांच्यावर खटला चालवण्याचा अधिकारच नाही, असा प्राथमिक आक्षेप ९ फेब्रुवारीला घेतला गेला आणि ५६ विरुद्ध ४४ मतांनी फेटाळला गेला. अधिकारक्षेत्राचा मुद्दा एकदा निकाली निघाला की त्या न्यायासनापुढे तो संपतो. इथे मात्र रिपब्लिकनांचे नेते मिच मॅकॉनेल यांनी ‘निर्दोष’ असे मत देऊन लगेच भाषण केले, त्या हल्ल्याची व्यावहारिक आणि नैतिक जबाबदारी ट्रम्प यांचीच असल्याचे स्पष्ट सांगितले आणि आपले मत अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर असल्याचा खुलासा केला. ट्रम्प पदावर असतानाच खटला सुरू करण्यासाठी सिनेट तातडीने बोलावण्यास नकार देणारेही तेच होते. फौजदारी न्यायालयाची वाट मोकळी आहे, असेही ते म्हणाले. त्या वाटेचे पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे: ऑगस्ट २०२३ मध्ये आरोपपत्र दाखल झाले, जुलै २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्राध्यक्षांच्या अधिकृत कृत्यांना व्यापक संरक्षण दिले, नोव्हेंबरात ट्रम्प पुन्हा निवडून आले आणि त्याच महिन्यात, विद्यमान राष्ट्राध्यक्षांवर खटला चालवता येत नाही म्हणून, प्रकरण बंद झाले. आधी ते पदावरून गेले म्हणून उशीर झाला होता, नंतर ते पदावर परत आले म्हणून झाला. ज्या हल्ल्याची चित्रे साऱ्या जगाने पाहिली, त्यातील त्यांच्या भूमिकेबाबत एकाही साक्षीदाराची सिनेटपुढे वा ज्यूरीपुढे उलटतपासणी झाली नाही.

माझ्या बाररूममधील एका ज्येष्ठ सहकाऱ्याला यात संतापण्यासारखे काही वाटत नाही. ‘हे तं आपल्या हिवाळी अधिवेशनासारखंच झालं नं वकीलसाहेब, आकडे आधीच ठरले असतात,’ असे त्याचे म्हणणे. त्याचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. महाभियोग हा नावाने खटला असला तरी न्याय करणारे लोक निवडून आलेले असतात आणि त्यांना पुन्हा निवडून यायचे असते. निःपक्षपाती न्याय करू अशी शपथ सिनेटर घेतात खरे. पण आपण निःपक्ष पंच नाही, हे मॅकॉनेल यांनी पहिल्या खटल्याआधीच उघडपणे सांगितले होते. स्वतःच्या पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाला दोषी ठरवणारे मिट रॉम्नी हे अमेरिकेच्या इतिहासातील पहिले सिनेटर, आणि त्यासाठी २०२० साल उजाडावे लागले. तरीही मी सहकाऱ्याशी सहमत नाही. मते आधी ठरलेली असली तरी साक्ष नोंदवण्याला अर्थ असतो, कारण ती मत देणाऱ्यांपुरती नसते.

वॉरन हेस्टिंग्जचे उदाहरण घ्या. मुधोजी भोसल्यांशी पैशाचे व्यवहार करून नागपूरकरांना इंग्रज-मराठा युद्धातून बाजूला ठेवणारा हा गव्हर्नर जनरल आपल्या नागपूरच्या महाल भागातल्या भोसले वाड्याला चांगलाच परिचित होता. मायदेशी परतल्यावर बनारसचा राजा चेतसिंग आणि अवधच्या बेगमा यांच्यावरील जुलमाबद्दल त्याच्यावर महाभियोग चालला, तो १७८८ ते १७९५ अशी सात वर्षे, आणि शेवटी तो सर्व आरोपांतून सुटला. त्याच्यावर आरोप चालवणारा एडमंड बर्क चिडला आणि हरला. पण त्या सात वर्षांत कंपनीच्या कारभाराची जी कागदपत्रे आणि ज्या जबान्या उजेडात आल्या, त्या इतिहासाच्या अभ्यासकांना आजही उपयोगी पडतात. सात वर्षे खटला चालवणे ही चैन होती, यात वाद नाही. पाच दिवसांत गुंडाळणे हा त्यावरचा उपाय म्हणता येत नाही.

दक्षिण कोरियाने याहून शहाणी सोय केली आहे. तिथे संसद आरोप लावते आणि निकाल घटनात्मक न्यायालय देते. २००४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रोह मू-ह्यून यांच्याविरुद्धचा महाभियोग त्या न्यायालयाने फेटाळला. त्यांनी कायदा मोडला हे मान्य केले, पण पदावरून दूर करण्याइतके ते उल्लंघन गंभीर नाही, असे कारणांसह लिहून दिले. अलेक्झांडर यांचा निष्कर्ष जवळजवळ हाच होता. फरक एवढाच की इथे तो सुनावणीनंतर आला. एप्रिल २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने लष्करी कायदा पुकारणाऱ्या यून सुक-योल यांना आठही न्यायाधीशांच्या एकमताने पदावरून काढले, तेव्हा यून यांचे समर्थकही रस्त्यावर संतापले होते. मात्र त्यांना ज्याच्याशी भांडायचे, तो मजकूर त्यांच्यासमोर होता.

अमेरिकेत असा मजकूर नसतो. एखादा सिनेटर आपल्या मताची कारणे नोंदीत ठेवू शकतो, पण सभागृहाचे म्हणून निकालपत्र निघत नाही, आणि सिनेटने खटला कसा चालवला याची तपासणी न्यायालय करणार नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच सांगून ठेवले आहे. मग लोकांच्या संतापाने जायचे कुठे? न्यायव्यवस्थेवरच्या संतापाविषयी नागपूरकराने तरी सैलपणे बोलू नये. १३ ऑगस्ट २००४ रोजी कस्तुरबानगरच्या वस्तीतील जमावाने, ज्यात स्त्रिया आघाडीवर होत्या, एका गुंडाला इथल्याच जिल्हा न्यायालयात ठार मारले, कारण तो पुन्हा एकदा सुटेल अशी त्यांची खात्री झाली होती. वर्षानुवर्षे त्यांच्या तक्रारी कोणी ऐकल्या नव्हत्या. पुढे त्या हत्येचे आरोपीही पुराव्याअभावी सुटले. त्या घटनेचे समर्थन मी कधी केले नाही. पण ऐकून घेतले न जाणे माणसांना कुठवर नेते, हे ज्या इमारतीत मी पोट भरतो तिथे घडलेले आहे.

आपल्याकडे राष्ट्रपतींवर अनुच्छेद ६१ खाली महाभियोग आजवर कधी चाललेला नाही, त्यामुळे तुलना करायची तर ती पक्षांतरबंदीच्या सुनावण्यांशी आणि न्यायाधीशांच्या प्रकरणांशी करावी लागते. डिसेंबर २०२३ मध्ये शिवसेनेच्या आमदारांच्या अपात्रतेची सुनावणी अधिवेशनानिमित्त नागपुरात झाली, तेव्हा मोर्चे नेहमीप्रमाणे मॉरिस कॉलेज टी पॉइंटला अडवलेले होते आणि विधानभवनात नेत्यांची उलटतपासणी चालली होती. १० जानेवारी २०२४ ला विधानसभा अध्यक्षांनी कोणालाच अपात्र ठरवले नाही. अनेकांना तो निकाल पटला नाही, मलाही त्यातील काही निष्कर्ष पटले नाहीत. पण जबान्या आणि कारणे कागदावर असल्यामुळेच तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेता आला.

सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांचे प्रकरण मला यापेक्षाही महत्त्वाचे वाटते. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती असताना सरकारी निवासस्थानावर केलेल्या खर्चाबाबत त्यांच्यावर आरोप होते. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पुरावा घेऊन १४ पैकी ११ आरोप सिद्ध झाल्याचा अहवाल दिला. मे १९९३ मध्ये त्यांना पदावरून काढण्याचा प्रस्ताव लोकसभेत आला, कपिल सिब्बल यांनी सभागृहासमोर उभे राहून रामस्वामींचा बचाव केला, आणि मतदानात १९६ मते प्रस्तावाच्या बाजूने पडली, तर सत्ताधारी काँग्रेस आणि तिच्या मित्रपक्षांचे २०५ सदस्य तटस्थ राहिले. प्रस्ताव पडला, रामस्वामी निवृत्त होईपर्यंत पदावर राहिले, आणि लोक तेव्हाही चिडले होते. पण त्या दिवशी विरोधात पडलेली मते शून्य होती. समितीचा अहवाल चुकीचा आहे, असे मतदानातून म्हणायला २०५ पैकी एकही जण तयार झाला नाही, आणि ते लोकसभेच्या कामकाजात छापलेले आहे.