उलाळ गाडी आणि दोन इंची गोळा

कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, दुरुस्तीला येणार म्हटल्यावर शेडमधल्या पोरांना वाटलं, सिनेमावाल्यांची व्हॅनिटी व्हॅनच येतेय. आलं ते कडब्याचा वास मारणारं, एका अंगाला कललेलं पत्र्याचं खोकं. रिकव्हरी गाडीवरून उतरवताना दारातून एक अंडं घरंगळत खाली आलं.

चिकलठाणा एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे. उसाच्या ट्रॉल्या, पाण्याचे टँकर, कधीमधी एखादी रुग्णवाहिका आतून सजवून देणं, हे आमचं रोजचं काम. गिऱ्हाईक पैठणकडचं. 1965 ते 1976 या काळात जायकवाडीचं काम चाललं, तेव्हा त्यांचे आजोबा तिथे माती-मुरमाचे ठेके घ्यायचे. कुठल्याशा भंगाराच्या लिलावात त्यांनी ही इंग्रजी बनावटीची कॅरव्हॅन उचलली, साइटवर ऑफिस म्हणून वापरली, आणि पुढे ती गोठ्यात गेली. 2021 मध्ये राज्य सरकारने कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा पुण्यात नोकरी करणाऱ्या नातवाला तिची आठवण झाली. नाथसागराच्या काठी शेत आहे, तिथे पाहुणे उतरवायचे, शिवाय वर्षातून दोन-चारदा बोलेरोच्या मागे लावून फिरायला न्यायची. “दादा, आतून एकदम फाइव्ह स्टार झाली पाहिजे,” हे त्याचं पहिलं वाक्य. खाली काय आहे ते त्याने वाकूनही पाहिलं नव्हतं.

मी आधी खालीच शिरलो. चासीची गव्हाणीकडची बाजू जनावरांच्या मुतानं पार खाल्ली होती, दुसरी बाजू मात्र ठणठणीत. हातोडीने ठोकत गेलं की आवाजच सांगतो, चांगल्या लोखंडाचा खणखणीत आणि कुजलेल्याचा बद्द. वरची लाकडी चौकट पेचकसाने टोचून पाहिली. खिडकीखाली पेचकस मुठीपर्यंत आत गेला. या जुन्या गाड्यांची रचनाच तशी असते. लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. सांध्यातलं मस्टिक, म्हणजे फटी बुजवायचं लुकण, वाळलं की पावसाचं पाणी आत झिरपतं, आणि बाहेरून पत्रा चकचकीत असला तरी आतलं लाकूड भुसा झालेलं असतं. आमच्याकडे पाऊस कमी, पण उरलेलं काम वाळवीने केलं होतं.

लाकडावरून पहिला वाद झाला. गिऱ्हाइकाच्या सुताराला सगळं सागवानात हवं होतं. सागवान उत्तम, कोण नाही म्हणतं, पण प्रत्येक किलो त्या एका आसावर येतो. शेवटी चौकट पाइनची आणि जमीन पाण्याला टिकणाऱ्या 710 शिक्क्याच्या मरीन प्लायची, यावर तडजोड झाली. पत्र्यासाठी स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घेतले. ॲल्युमिनियममध्ये साधा लोखंडी स्क्रू मारला की ओल लागताच त्याच्याभोवतीचा पत्रा पांढरी भुकटी होऊन जातो. सांधे झाल्यावर होज पाइपने वरून भरपूर पाणी मारलं आणि पोराला आत टॉर्च घेऊन बसवलं.

टायरांवरून दुसरा वाद. “नक्षी तर शाबूत आहे ना!” नक्षी शाबूत होतीच, गोठ्यात उभी गाडी नक्षी कशी झिजवणार? मी त्याला कडेचा आकडा दाखवला. 2000 सालापासून टायरवर चार आकडे येतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. या टायरवर तीनच होते, म्हणजे ते गेल्या शतकातले. कडेच्या रबराला नख जाईल एवढ्या भेगा. चारशे-पाचशे किलो अंगावर घेऊन उन्हाळ्यातल्या डांबरावर असा टायर किती टिकेल, हे मला तपासून बघायचं नव्हतं.

ब्रेकचं काम मात्र मी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. आमच्याकडे ट्रॉलीला ब्रेक मागणारं गिऱ्हाईक विरळाच. डबल ट्रॉली ऊस भरून घाट उतरते ती ट्रॅक्टरच्या आणि देवाच्या भरवशावर. कॅरव्हॅनचा ब्रेक पुढच्या गाडीच्या पेडलला जोडलेला नसतो. पुढची गाडी थांबू लागली की मागची तिच्यावर रेलते, त्या रेट्याने हुकामागचा दांडा आत सरकतो, आणि दांडा रॉड ओढून चाकांचे ब्रेक लावतो. आमचा दांडा जुन्या ग्रीसमध्ये असा जाम झाला होता की दोघांनी ढकलूनही हलेना. ड्रम उघडल्यावर आमच्या शेडमधल्या चाचांनी सवयीने हवेचा पाइप उचलला, तो मी हातातून काढून घेतला. इतक्या जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुंकायची नसते, ओल्या फडक्याने टिपून घ्यायची. लायनर नवीन रिबिट करून घेतले, बेअरिंग बदलले, कॉटर पिन नव्या टाकल्या. आणि मूळ गाडीत नव्हती अशी एक गोष्ट घातली. हँडब्रेकपासून पुढच्या गाडीपर्यंत एक बारीक वायरदोर. गाडी हुकातून सुटलीच, तर तो दोर ताणला जातो आणि हँडब्रेक ओढूनच तुटतो.

तोवर वरचं काम गिऱ्हाइकाने स्वतःच्या माणसांकडून करून घेतलं. संडास-बाथरूम मागच्या टोकाला, शंभर लिटरची टाकी तिथेच, इन्व्हर्टरची बॅटरी तिच्या शेजारी. आणि ओट्यावर ग्रॅनाइट! अख्खा चार बाय दोन फुटांचा दगड, तोही मागच्या भिंतीला. मी बोललो होतो. “दादा, दिसायला पण पाहिजे ना,” हे उत्तर मिळालं.

दसऱ्याला पूजा करून न्यायची असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मी म्हटलं, आधी ओढून बघू, मग नारळ. आरसी बुक आजोबांच्या पेटीत सापडलं होतं, पण नूतनीकरण व्हायचं होतं, त्यामुळे रस्त्यावर काढायचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या ओळखीच्या एका साखर कारखान्याचं आवार मिळालं. गळीत सुरू व्हायला अवकाश होता, बॉयलरच्या अग्निप्रदीपनाची तयारी चाललेली, बैलगाड्या आणि ट्रॅक्टर उभे राहतात ते मैदान पूर्ण मोकळं. वजनकाटाही तिथेच. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही कॅरव्हॅन लादून तिथे नेली.

बघतो तर सगळं घर हजर. त्याची आई, बायको, मुलं, एक मावशी, पेढ्यांचा डबा. मुलं धावत आत शिरली, नळ सोडून बघितले, आणि आमचं लक्ष नसताना कुणीतरी कारखान्याच्या होजने टाकी काठोकाठ भरून ठेवली. बोलेरोला लोखंडी गोळा असलेला हूक आधीच लावून आणला होता, बाहेरच्या एका दुकानातून. चाचांनी कॅरव्हॅनच्या दांड्याच्या टोकाचा वाटीसारखा हूक त्या गोळ्यावर उतरवला. खटका वाजला. “हौ, बैठा,” चाचा म्हणाले.

“मुलांना बसू द्या ना आत, हळूच तर फिरवायचीय,” गिऱ्हाईक म्हणालं.

“ओढताना आत माणूस नाही. शेतातसुद्धा नाही.”

“काका, पाच मिनिटं फक्त.”

मी मुलांना स्वतः हाताला धरून खाली उतरवलं. मावशींनी तोंड वाकडं केलं, ते मला दिसलं.

हूक लागल्यावर एक तपासणी मी नेहमी करतो. दांड्याखालच्या छोट्या चाकाचं हँडल फिरवून दांडा वर उचलायचा. खटका नीट धरून बसला असेल तर दांड्याबरोबर पुढच्या गाडीचं बूडही वर येतं. मी हँडल फिरवू लागलो. बोलेरो जागची हलेना. दांडा मात्र वर चालला. आणखी दोन फेरे, आणि टक् करून हूक गोळ्यावरून निसटला. त्यानंतर जे झालं ते हँडलमुळे नाही. दांडा आपोआप उसळला, माझ्या छातीच्या उंचीपर्यंत गेला, आणि कॅरव्हॅनचं शेपूट धाडकन जमिनीवर बसलं. आत कपाटातून कपबशा पडल्याचा आवाज आला. मी बाजूला उभा होतो म्हणून हनुवटी वाचली.

एकदम सामसूम. गिऱ्हाइकाच्या आई तेवढ्या पुढे आल्या. पदर खोचला, गाडीभोवती एक चक्कर मारली.

“अरं, उलाळ झाली की गाडी! मागं एवढं भरलंस कामून?”

“आई, ती बैलगाडी नाहीये.”

“जू नसलं म्हणून काय झालं? चाकं दोनच हायेत ना?”

मला वेगळं काही समजावायला उरलंच नाही. बैलगाडी भरताना माप एकच असतं. भार आसाच्या किंचित पुढे, बैलाच्या मानेवर थोडा दाब येईल इतका. मागे भार गेला की जू वर उचलतं आणि बैलांना फास बसतो. कॅरव्हॅनला बैलांऐवजी बोलेरो, आणि वेग ताशी साठ. मागचं टोक जड असेल तर ती डावी-उजवीकडे लहरायला लागते, प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा, आणि शेवटी पुढच्या गाडीलाही घेऊन आडवी होते. अशा वेळी करकचून ब्रेक मारायचा नसतो. पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं. पण मुळात ती वेळ येऊ न देणं वजनाच्या मांडणीवर आहे.

आधी गोळा. व्हर्नियर लावून बारीक माप घेतलं. गिऱ्हाइकाच्या हुकाचा गोळा 50 मिलिमीटरचा, युरोपात आता चालतो तो. कॅरव्हॅनचा हूक जुन्या इंग्रजी मापाचा, दोन इंचाचा, म्हणजे 50.8. पाऊण मिलिमीटरचा फरक! नुसता बघून कुणाला कळणार नाही, आणि खटका तर दोन्हींवर वाजतो. दांड्यावर पुरेसा भार असता तर सपाट मैदानावर तो कदाचित बसूनही राहिला असता, आणि पहिल्या स्पीडब्रेकरला सुटला असता. चाचा म्हणाले, आत पत्र्याची पट्टी घालून घट्ट करू. मी नको म्हटलं. दोन इंचाचं माप वर कोरलेला गोळा मागवायचा, दुसरं काही नाही.

मग वजन. काट्यावर अख्खी कॅरव्हॅन टाकी रिकामी करून 1060 किलो भरली. बोलेरो दीड टनाच्या वर आहे, तेव्हा तो हिशेब बसत होता. कॅरव्हॅन ओढणाऱ्या गाडीच्या रिकाम्या वजनाच्या 85 टक्क्यांच्या आत असावी, असा ब्रिटनमध्ये नवख्यांना सल्ला देतात. प्रश्न दांड्याचा होता. ट्रकचा काटा त्याला चालत नाही. जवळच्या आडतीवरून धान्याचा प्लॅटफॉर्म काटा आणला, त्यावर हुकाच्या उंचीचा ओंडका उभा केला आणि दांडा त्यावर टेकवला. 14 किलो. टाकी भरलेली असताना तर दांडा काट्यावर टेकतच नव्हता. दांड्यावरचं हे वजन सामानासकट कॅरव्हॅनच्या 5 ते 7 टक्के लागतं, म्हणजे आमच्या बाबतीत पन्नास ते सत्तर किलोंच्या मध्ये कुठेतरी.

“ग्रॅनाइट काढायचं,” मी म्हटलं.

“दादा, सगळं काढा, पण ग्रॅनाइट...”

“काढ,” त्याच्या आई म्हणाल्या.

दगड उतरवायला चौघे लागले. चाळीस किलो गेले, काटा 35 वर आला. बॅटरी मागच्या कोपऱ्यातून उचलून आसाच्या बरोबर वर, पलंगाखाली बांधली. 62. एकूण वजन 1020, म्हणजे सहा टक्के. मी काट्याचा फोटो काढून गिऱ्हाइकाला पाठवला, आणि टाकी रिकामी करूनच गाडी हलवायची हे त्याच्याकडून त्याच्या आईसमोर वदवून घेतलं.

स्वयंपाकाचा गॅसही तेव्हाच निघाला. घरातला 14.2 किलोचा लाल सिलिंडर ओट्याखाली ठेवलेला. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की जमिनीवर साचतो आणि कुठूनच बाहेर जात नाही. लहान सिलिंडर पुढच्या बाहेरच्या पेटीत, पेटीच्या तळाला जाळी, असं ठरलं.

गोळा यायला दिवस लागणार होते. त्यामुळे दसऱ्याला चाकाखाली दगड लावून, हूक न जोडताच पूजा झाली, आपट्याची पानं दांड्यावर वाहिली. मावशी माझ्याशी बोलल्या नाहीत, पेढा मात्र दिला.

गोळा आल्यावर त्याच मैदानात पुन्हा हूक लावला. हँडल फिरवलं, बोलेरोचं बूड चाकांवरून चांगलं चार बोटं वर आलं. चाळीसच्या वेगाला ब्रेक मारून पाहिला, दांडा आत गेला, कॅरव्हॅन सरळ रेषेत थांबली. रिव्हर्स घेताना मात्र ती अडून बसली आणि गिऱ्हाईक गाडी रेटू लागलं. रिव्हर्समध्येही दांडा आत ढकलला जातोच, मग ब्रेक लागणारच. त्यासाठी हुकाशी एक छोटी पट्टी आहे, मागे जायच्या आधी ती उतरून पाडायची. त्याला ती दाखवली. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळायचे, हेही लिहून दिलं.

आरटीओत तपासणीला मी बरोबर गेलो होतो. इन्स्पेक्टर पार वाकून खाली बघत होते, ब्रेकच्या रॉडला हात लावून हलवून पाहत होते. कायद्याच्या लेखी ही साधी ट्रेलर, पण त्यांनी आयुष्यात ब्रेकवाली ट्रेलर फारशी पाहिली नसावी. हा दांडा कशाला, तो दोर कशाला, असं बराच वेळ विचारत राहिले.

गेल्या आठवड्यात गिऱ्हाइकाचा फोन आला. टपावर एसी बसवायचाय, मागच्या बाजूला. मी विचारलं, किती किलोचा? म्हणाले, बघून सांगतो. अजून सांगितलेलं नाही. ग्रॅनाइटचा दगड माझ्याच शेडमध्ये पडून आहे, चाचा त्यावर बेअरिंग धुतात.