दोनशे सत्तरची तूट

रूलेटच्या टेबलावर चेंडू फिरवणं माझ्यासारख्या कुठल्याही डीलरला महिन्याभरात जमतं. हात तयार व्हायला वेळ लागतो तो पैसे चुकते करताना: जिंकलेल्या आकड्यावर खूण ठेवायची, हरलेल्या चिप्स ओढायच्या, मग रक्कम पुकारून थप्पी सरकवायची. आणि खेळणाऱ्याला सल्ला म्हणून एक शब्द बोलायचा नाही.

त्या रात्री एक गृहस्थ 2000 च्या चिप्स घेऊन बसले. फक्त लालवर लावायचे. आधी 10, हरले की 20, 40, 80. जिंकले की फेरी संपली, पुन्हा 10. याला मार्टिंगेल म्हणतात. टेबलावर किमान 10 आणि कमाल 1000, म्हणजे 640 पर्यंत सात पायऱ्या मिळतात. एका शून्याच्या चाकावर 37 घरं, त्यांतली 18 लाल. ओळीने सात वेळा लाल न येण्याची शक्यता जेमतेम 0.94 टक्का. म्हणजे शंभरातल्या नव्याण्णव फेऱ्या 10 च्या नफ्यात संपणार! पण उरलेली एक फेरी 1270 घेऊन जाते, आणि अशा 100 फेऱ्या खेळल्या तर ती एकदा तरी गाठण्याची शक्यता 61 टक्के. डाव कोणत्याही क्रमाने लावा, लावलेल्या दर 100 मागे सरासरी 2.70 टेबलाचेच. ते ज्या कार्डावर नोंद ठेवत होते, त्यावर हे नव्हतं. त्यावर 46 जिंकलेल्या फेऱ्यांच्या खुणा होत्या, म्हणजे 460 चा नफा.

सत्तेचाळिसाव्या फेरीत काळ्यांची रांग लागली. चौथ्या डावाला शून्य आलं, तर म्हणाले, "रांग तुटली, आता लाल." चाकाला मागचं काही आठवत नाही. 18 ऑगस्ट 1913 ला मोंटे कार्लोच्या कॅसिनोत काळा ओळीने 26 वेळा आला, तेव्हाही लोक लालवर पैसे ओततच होते. मागचे आकडे दाखवणारा फलक टेबलाशेजारी लावतात, त्याची मला चीड येते. आकडे खरे असतात, पण माणूस त्यातून पुढचा आकडा वाचायला जातो.

सातवाही काळा. 1270 गेले. आठव्याला 1280 हवे होते; मर्यादा 1000 ची. त्यांनी 1000 लावले आणि लाल आलं.

माझं मन अडकलंय ते इथे. त्यांच्यासमोर तेव्हा 2190 होते, आणलेल्यापेक्षा 190 जास्त. पण ते हिशेब धरत होते त्या एका फेरीचा. "अजून 270 वसूल व्हायचेत," म्हणाले, आणि थेट 270 लावले. इथून चढण सुरू केली की 270, 540, आणि पुढे 1080 लागतात, ते मर्यादेत बसत नाहीत. तिसऱ्या डावाला 1000 लावून जिंकलं तरी 80 ची तूट राहतेच. ओळीने तीन हरण्याची शक्यता 13.5 टक्के, म्हणजे आधीच्या सात पायऱ्यांपेक्षा चौदापटीहून जास्त. पद्धत तीच आहे असं त्यांना वाटत होतं, पण धोका पार बदललेला होता.

तिन्ही डाव गेले. 380 घेऊन उठले.

जिंकलेले 1000 मी मोठ्याने पुकारले होते. 2190 पुकारायची पद्धत नाही. पर्यवेक्षकांना नंतर विचारलं, तर म्हणाले, खेळणाऱ्याच्या शिल्लकीकडे डीलरने बघायचंच नसतं. पण थप्प्या समोरच असतात, आणि वीस-वीसच्या थप्प्या रचायला आम्हाला शिकवतात ते नजरेने मोजता याव्यात म्हणूनच.