मे महिन्याच्या उन्हात शिकलेली फोटोग्राफी

मे महिन्यात सकाळी नऊनंतरचं ऊन फोटोसाठी वाईट, असं सगळेच सांगतात. ठाण्यातल्या आमच्या उन्हाळी कार्यशाळेत मात्र मुद्दाम त्याच उन्हात काम करायला लावलं, आणि मला एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, खऱ्या अर्थाने कळलं ते त्यामुळेच.

अॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र, एफचा आकडा लहान तितकं ते मोठं), शटर स्पीड (उजेड किती वेळ आत येतो), आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता) हे वर्गात फळ्यावर झालं. ते कुठल्याही व्हिडिओत मिळतं, त्यात वेळ घालवत नाही. खरं शिक्षण ठाण्यातल्या तलावाकाठी, तलावपाळीवर सुरू झालं. सरांनी सगळ्यांना मॅन्युअल मोडवर, म्हणजे सगळे आकडे स्वतः ठरवायला आणलं आणि कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरकडे न बघता उजेड ओळखायला सांगितलं. लख्ख उन्हात अॅपर्चर एफ/१६ आणि आयएसओ १०० असेल, तर शटर साधारण १/१०० किंवा १/१२५ सेकंद. एफ/८ वर आलं की दोन स्टॉप, म्हणजे चौपट उजेड वाढतो, म्हणून शटर १/४०० किंवा १/५००. हा फिल्मच्या काळातला आडाखा आहे. मे महिन्यात आकाशात ढग नसल्यामुळे तो दर वेळी पडताळून बघता येतो. पावसाळ्यातल्या वर्गात हे जमलं नसतं.

माझ्यासाठी सगळ्यात मोलाची सकाळ जांभळी नाक्याच्या बाजारातली. वर ताडपत्र्या, त्यांच्या फटींतून येणारे उन्हाचे पट्टे, खाली झेंडूचे ढीग, आणि मागे पिशव्या, वायरी, स्कूटर असा पसारा. सर म्हणाले, "ऊन पडलंय तेवढ्याच भागावर एक्स्पोजर ठेवा. सावलीचं काय व्हायचं ते होऊ दे." तसं केलं आणि मागचा सगळा पसारा काळोखात गेला. उरली फक्त फुलं आणि ती ओवणारे हात. शटरचा एक आकडा बदलणं म्हणजेच फोटोत काय ठेवायचं ते ठरवणं, हे मला त्या क्षणी दिसलं. तोवर मी तांत्रिक बाजू आणि कल्पकता हे दोन वेगळे विषय समजत होते.

तिथे आधी विचारायचं, मगच कॅमेरा उचलायचा, हा नियम होता. "मावशी, फोटो काढू का?" म्हटल्यावर उत्तर आलं, "काढ की, पण गिऱ्हाईक आलं की बाजूला हो." निळ्या ताडपत्रीखाली चेहरे निळसर येतात. रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या फोटोत, ते नंतर बरंचसं सुधारता येतं, पण दोन पावलं सरकून उघड्या उजेडात उभं राहणं जास्त सोपं.

नंतर ऐरोलीहून ठाणे खाडीत गेलो. २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झालेला हा भाग २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. बोट भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून सुटते, आपल्या सोयीने नाही. मीटर समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम करड्या रंगावर आणू बघतं. त्यामुळे गडद कांदळवनापुढे एकटा पांढरा बगळा असला की फोटो जास्त उजळ होतो आणि पिसांचा तपशील उडतो. तिथे कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरने ठरवलेल्या उजेडात आपण केलेला बदल, उणे एक स्टॉप. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) फिक्या आकाशासमोर उडाले की उलट, अधिक एक. बोट हलते, म्हणून शटर १/१६०० च्या खाली नाही.

दर आठवड्याला निवडक फोटो पडद्यावर लावून चर्चा व्हायची. फोटो काढणाऱ्याने तेव्हा काहीच बोलायचं नाही. दुसऱ्यांची नजर आधी कुठे जाते ते ऐकत राहायचं. माझ्या मते कुठल्याही कार्यशाळेचा हाच गाभा. म्हणून पुढच्या उन्हाळ्यात कुणी नाव घालणार असेल, तर फी विचारण्याआधी हे विचारा: बॅचमध्ये किती जण आहेत, बाहेर किती वेळा नेणार, आणि प्रत्येकाचे फोटो शिक्षक स्वतः बघणार का? महागडी लेन्स लागत नाही. बाजारासाठी मला ५० एमएमची साधी लेन्स पुरली, आणि खाडीसाठी आम्ही दूरचं जवळ आणणारी एक टेलिफोटो लेन्स आळीपाळीने वापरली.