हिरवा झालेला फ्लास्क

रात्री लावलेली अभिक्रिया सकाळी पाहिली आणि पोटात गोळा आला. गडद तपकिरी असायला हवं ते द्रावण हिरवट झालं होतं. कुठूनतरी हवा शिरली, अभिक्रिया चालवणाऱ्या तांब्याचं ऑक्सिडीकरण झालं, पॉलिमरच्या साखळ्यांची वाढ थांबली.

वाईट वाटलं ते फ्लास्कमधल्या पडद्याचं, ज्यावर त्या साखळ्या वाढत होत्या. सेल्युलोज अ‍ॅसिटेटचं द्रावण उच्च विद्युतदाबाखाली ओढून काढलेले ते तंतू, मग सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून त्यांचं सेल्युलोज केलेलं. पावसाळ्याच्या दमट हवेत तंतू एकसारखे येतच नाहीत, म्हणून हा पडदा मी फार जपला होता.

त्यावर ब्रोमीन असलेले आरंभक, म्हणजे साखळी जिथून सुरू होते ते रेणू, बसवायचे आणि तिथूनच पॉलिमर वाढवायचा. अशा साखळ्या काबूत ठेवून वाढवायची एटीआरपी ही पद्धत १९९५ साली मात्याशेव्स्की आणि सावामोटो या रसायनशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे मांडली. अभिक्रियेचा वेळ बदलला की साखळीची लांबी बदलते, म्हणून मी तिच्या प्रेमात आहे. माझा सगळा प्रश्न लांबीचाच. आखूड साखळ्यांवर लायपेझ, म्हणजे तेल तोडणारं एन्झाइम, कमी बसतं. फार लांब केल्या तर तंतूंमधली छिद्रं बुजतात, तेल आत पोचत नाही. आणि साखळ्यांचं रान फार दाट झालं तर एन्झाइम शेंड्यांवरच अडकतं. जास्त एन्झाइम म्हणजे जास्त काम, हे मला तरी पटत नाही; बसलेल्यातलं किती जागं आहे ते मोजावं.

उद्या पुन्हा. गोठवायचं, हवा ओढायची, वितळवायचं, तीनदा. मग चार, आठ आणि सोळा तासांचे तीन पडदे. तांब्याची निळसर छटा जाईपर्यंत धुणार, लायपेझ त्यानंतरच.