पेटीच्या दुकानात गिटार

गोव्यात फोंड्याच्या बाजारात बाबांनी दुकान काढलं ते पेटी आणि तबल्यासाठी. अंत्रुज महालच हा. मंगेशी, म्हार्दोळ, नागेशी, रामनाथी, कवळे अशी देवळं हाकेच्या अंतरावर, देवळागणिक भजनी मंडळ, जत्रेला नाटक आणि घरोघर नाट्यगीतं म्हणणारं कोणी ना कोणी. कामाला तोटा नव्हता. पेटीचे सूर लावणं, भाता दुरुस्त करणं, तबल्याची पुडी बदलणं यावर घर चाललं आणि आम्ही दोघे भाऊ शिकलो. गिटार म्हणजे आमच्या लेखी दक्षिण गोव्यातल्या सासष्टीचं वाद्य. तिकडे चर्चमध्ये वाजतं, लग्नाच्या बँडमध्ये वाजतं, आपल्याला काय त्याचं!

मग दुकानात गिटारी येऊ लागल्या, त्या दुरुस्तीला. कॉलेजच्या मुलांनी मोबाइलवरून स्वस्तात मागवलेल्या. तक्रार एकच: ‘भाई, बोटां दुखतात!’ कुणाची गिटार नवी कोरी असूनही कपाटावर चढलेली, कुणाच्या आईचं म्हणणं की पोराला चिकाटीच नाही.

फूटपट्टी लावून बघितलं की दोष कळायचा. बाराव्या फ्रेटपाशी, म्हणजे मानेवरच्या बाराव्या आडव्या धातूच्या पट्टीपाशी, तार पट्टीपासून चार-साडेचार मिलिमीटर वर. धातूच्या तारांच्या गिटारीला तिथे दोन ते अडीच मिलिमीटर पुरतात. या अंतराला ॲक्शन म्हणतात. खुंट्यांकडच्या टोकाला तारा ज्या खाचांत बसतात त्या नटच्या खाचाही उथळ, म्हणजे पहिल्या फ्रेटवर एफचा कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) धरायचा तर पोरगं घामाघूम. कारखान्यातून माल निघताना तारा मुद्दाम उंच ठेवलेल्या असतात, कारण खाली असल्या तर झणझणतात आणि गिर्‍हाईक गिटार परत पाठवतं. उंच असल्या तर ते स्वतःलाच दोष देतं.

बाबा पेटीच्या सुरांची पितळी पट्टी घासत तेव्हा मी शेजारी बसून बघत असे. टोकाला घासली तर सूर चढतो, मुळाशी घासली तर उतरतो, आणि जास्त घासली तर पट्टी गेली. नटची खाच कानसताना तोच हात कामाला आला. दोन ओढ द्यायच्या, तार बसवायची, वाजवून बघायची, पुन्हा दोन ओढ. ब्रिजवरच्या, म्हणजे तारा जिथे खोक्याला बांधतात तिथल्या, हाडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीचं गणित त्यामानाने सरळ. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर येतो, त्यामुळे तिथे अर्धा मिलिमीटर उतरवायचा तर पट्टी खालून एक मिलिमीटर घासायची. कामाला तास-दीड तास लागतो. ‘चिकाटी नसलेली’ ती पोरं पुढे तारा बदलून घ्यायला येऊ लागली.

तेव्हा ठरवलं की गिटारी विकायच्या, पण खोक्यातून काढून तशाच द्यायच्या नाहीत. प्रत्येक गिटार आधी बाकावर येते, तारा दहाच्या सेटच्या चढतात, म्हणजे सर्वांत बारीक तार ०.०१० इंचाची, आणि नट व ब्रिज जुळल्यावरच ती भिंतीवर लागते. म्हणून आमच्याकडे तीच गिटार ऑनलाइनपेक्षा थोडी महाग पडते. हे आम्ही आधीच सांगतो. काहीजण दुकानात हातात धरून बघतात आणि घरी जाऊन मागवतात. पुढे दुरुस्तीला इथेच येतात, त्याचं वाईट वाटून घेत नाही.

पहिली गिटार कुठली घ्यावी, हे रोजच कुणीतरी विचारतं. सात ते दहा हजारांत नामांकित कंपनीची साधी अकूस्टिक घ्यावी, एवढं माझं मत. मशीन बसवलेली, म्हणजे स्पीकरला जोडायची, नको; स्टेजवर जायला अवकाश आहे. सगळा पुढचा भाग अख्ख्या लाकडाचा असावा असा आग्रह इंटरनेट वाचून येणारे धरतात. आवाज त्याचा सरस असतो, मान्य. पण जूनपासून इथली हवा ओली होते आणि अख्खं लाकूड ती ओल पिऊन फुगतं, मधोमध वर येतं, पाठोपाठ तारा वर जातात. थरांच्या प्लायचं लाकूड एवढं हलत नाही. गोव्यात शिकायला सुरुवात करणार्‍याला मी प्लायचीच देतो आणि पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकतो. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसायच्या. कळंगुट-बागाकडच्या गिर्‍हाइकांच्या तारा खार्‍या वार्‍याने आमच्याहून लवकर गंजतात.

नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार बोटांना मऊ, पण तिची मान रुंद, नटपाशी साधारण ५२ मिलिमीटर; धातूच्या तारांची ४३च्या आसपास. लहान हाताला ती रुंदी जड जाते. आठ-दहा वर्षांच्या मुलाला तीनचतुर्थांश मापाची नायलॉनची द्यावी, मोठ्यांनी गाण्यांना साथ करायची तर धातूची. एक गोष्ट मात्र कोणी करू नये: क्लासिकलला धातूच्या तारा चढवणे. नायलॉनच्या सहा तारांचा एकत्रित ताण चाळीस किलोंच्या आसपास, धातूच्या तारांचा साठ-सत्तरपर्यंत जातो. ब्रिज मुळासकट उखडून आलेली गिटार वर्षातून एकदा तरी येतेच. डिंकाने चिकटवून बघितलेली असते, तो डिंक खरवडण्यातच अर्धा दिवस जातो.

आमचं दुकान पेटीचं आहे याचा फायदा वेगळ्याच ठिकाणी झाला. भजनी घरातली मुलं येतात आणि विचारतात, ‘ही काळी एकला लावून मिळेल?’ म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला. क्लासमध्ये त्यांना सी शार्प म्हणून सांगितलं तर डोळे फिरतात. मी कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, काढून पहिल्या फ्रेटवर लावतो आणि सीचा कॉर्ड धरायला सांगतो. झाली काळी एक. तिसर्‍या फ्रेटवर कॅपो आणि जीचा आकार म्हणजे काळी पाच. मग मी पेटीवर तोच सूर धरतो. एका मुलीने तिथेच उभ्या-उभ्या आजोबांचा अभंग कॉर्डवर धरला, आजोबा पहिल्यांदा कपाळाला आठ्या घालून ऐकत होते, नंतर स्टुलावर ताल धरून बसले. बाबांना विचाराल तर ते अजून म्हणतात की गिटारीला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसर्‍यावर घसरत जाणं, नाही. तार ओढून दाखवली तरी मानत नाहीत.

२०२०च्या टाळेबंदीत दुकान बंद होतं, तेव्हा फोनवर व्हिडिओ लावून लोकांना तारा बदलायला शिकवलं. त्यातले बरेच आता गिर्‍हाईक आहेत. भाऊ विक्री बघतो, मी बाक सोडत नाही.

गिटार घ्यायला येताना जो वाजवणार आहे त्याला बरोबर आणा. बसून मांडीवर धरल्याशिवाय माप कळत नाही, आणि वाढदिवसाला गुपचूप नेलेल्या गिटारी बदलायला परत येतात. चवथीच्या आधीच्या पंधरवड्यात मात्र शक्यतो येऊ नका. तेव्हा बाकावर घुमटांची, म्हणजे आरतीला वाजणार्‍या मातीच्या वाद्यांची, रांग असते, चामडं चढवून मागणार्‍यांचा तगादा असतो, आणि गिटारीला हात लावायला आम्हा दोघांनाही सवड नसते.