राहुरीहून घरी, चोपण रानाकडे

राहुरी, २६ फेब्रुवारी

कृषी विद्यापीठ सोडायचा नो ड्यूजचा कागद आज पुरा झाला. ग्रंथालय, वसतिगृह, मेस, विभागाची प्रयोगशाळा, सगळीकडच्या सह्या आल्या. एम.एस्सी.च्या प्रबंधाच्या बांधलेल्या प्रती विभागात दिल्या, एक माझ्याजवळ ठेवली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी शेवटी विचारलं होतं, "पुढं काय करणार?" मी म्हटलं, "घरी जाणार, शिरोळ तालुक्यात." त्यांना वाटलं मी प्रश्न टाळतेय. गाईड सरांना मी पीएच.डी. करावी असं मनापासून वाटतं आणि त्यांच्या सांगण्यात माया आहे हे मला कळतं. वर्गातल्या बऱ्याचजणी पुण्यात कृषी सेवा परीक्षेच्या तयारीला बसल्यात, दोघी बियाण्यांच्या कंपनीत लागल्या. मला मात्र मृदाशास्त्र घेतलं तेव्हापासून परतच जायचं होतं. विषय घेतला तोच मुळी आमच्या ओढ्याकडच्या रानापायी.

झोपायच्या आधी एक लिहून ठेवते. जमीन खारवली की आमच्याकडं सगळा दोष खतांना देतात. प्रबंधासाठी जुनं वाचायला घेतलं तेव्हा कळलं की हे दुखणं त्याच्या फार आधीचं आहे. नीरा डावा कालवा १८८५ चा. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे तेव्हाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी नीरा खोऱ्यातल्या खारट जमिनींवर लिहिलं ते १९१० मध्ये. तेव्हा युरियाचं पोतं इकडं कुणी पाहिलंही नव्हतं. कालव्याचं पाणी आलं, खोल काळ्या जमिनीत मुरत राहिलं, खाली निचरा नाही म्हणून पाण्याची पातळी वर वर आली, उन्हानं पाणी उडालं आणि क्षार तेवढे मागं राहिले. पुढं १९३२ मध्ये पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र निघालं ते कालव्याखालच्या उसाचे असलेच प्रश्न घेऊन. चोपणात, म्हणजे सोडियमनं बिघडलेल्या जमिनीत, तग धरतो म्हणून आज आमच्या भागात लोक जो फुले २६५ ऊस लावतात, तो तिथलाच. शंभर वर्षांवर माहीत असलेलं हे दुखणं आणि आमच्या आप्पांना, माझ्या वडलांना, त्यातलं कुणी बांधावर उभं राहून नीट सांगितलेलं नाही. याचं मला वाईट वाटतं, रागही येतो. परत जायचं खरं कारण बहुतेक हा रागच असेल.

घर, १ मार्च

रात्री नगरहून महाराष्ट्र एक्स्प्रेस धरली, मिरजेला उतरले. आप्पा चुलतभावाचा छोटा हत्ती घेऊन आले होते. पुस्तकांची खोकी, गादी, कुकर, सगळं मागं टाकलं. अंकलीच्या पुलावरून कृष्णा ओलांडली तेव्हा नदी खाली गेलेली, काठाला वांग्यांची रानं हिरवीगार. आप्पा वाटेत उसाच्या बिलाबद्दल बोलत होते. माझ्या नोकरीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

आज्जी दारातच बसली होती.

"आलीस व्हय? आता किती दिवस ऱ्हाणार?"

"कायमचीच आलो, आज्जी."

"मग बरं झालं. माझ्या गोळ्यांच्या वेळा तू बघ."

चहा घेऊन रानात गेले. वरची पट्टी चांगली आहे, खोडवा उभा आहे. ओढ्याकडची दीड एकर मात्र तशीच. मार्चमध्ये तिथं जाऊन बघावं, म्हणजे सगळं डोळ्यांपुढं येतं. सरीच्या वरंब्यावर पांढरी बुरशी धरल्यासारखा थर, सरीच्या तळाला काळा तेलकट तुकतुकीत पापुद्रा आणि त्याला पडलेल्या बारीक भेगा. पांढरं म्हणजे पाण्यात विरघळणारे क्षार. तो काळा पापुद्रा जास्त वाईट. सोडियम वाढला की चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात, बारीक होऊन छिद्रं बुजवतात, मग वरचं पाणी खाली जात नाही आणि मुळांना हवा मिळत नाही. वर जो काळा रंग तरंगतो तो मातीतलाच सेंद्रिय भाग, सोडियमनं विरघळवून वर आणलेला. ऊस उगवला नाही तिथं नांग्या भरून भरून आप्पा थकले. आजोबांच्या वेळी इथं एकरी ६० टन ऊस निघायचा असं ते सांगतात. गेल्या हंगामात एकरी २० टनही भरला नाही.

२०१९ च्या महापुरात हे रान कितीतरी दिवस पाण्याखाली होतं. मी तेव्हा बी.एस्सी.च्या प्रवेशाच्या यादीकडं डोळे लावून बसले होते आणि आम्ही सगळे उंचावरच्या शाळेत राहायला गेलो होतो. २०२१ ला परत तेच. पुरानं गाळ आणला, तो चांगलाही असतो. पण खाली आधीच पाणी वर आलेलं असताना असं साचून राहिलेलं पाणी म्हणजे दुखण्यावर दुखणं.

११ मार्च

जयसिंगपूरच्या माती-पाणी तपासणी प्रयोगशाळेत रुजू झाले. जागा लहान आहे. दोन खोल्या, एक फ्लेम फोटोमीटर, एक स्पेक्ट्रोफोटोमीटर, मागं पत्र्याच्या शेडमध्ये नमुने सुकवायला फळ्या. पगार कंपनीतल्या मैत्रिणींच्या निम्मा आहे. आईला तो ऐकून बरं वाटलं नाही, ती काही बोलली नाही तरी मला दिसलं. घरात पैसा लागतो हे मलाही कळतं. पण एस.टी.नं अर्ध्या तासात घर आहे आणि काम माझं आहे.

माणसं नमुने कशातून आणतात! साडीच्या दुकानाच्या पिशवीत, खताच्या पोत्याच्या तुकड्यात, एकजण स्टीलच्या डब्यात घेऊन आले. खताच्या पोत्यातली माती तपासून उपयोग नाही, पोत्याला चिकटलेलं खतच आकड्यात येतं. हे मी प्रत्येकाला सांगते. काही ऐकतात. काही म्हणतात, "एवढं काय हुतंय, मॅडम?" मग मी त्यांना परत पाठवत नाही, कागदावर काढून देते: झाडाखालची, बांधाजवळची, उकिरड्याजवळची जागा सोडायची. नागमोडी चालत एका पट्टीत आठ-दहा जागी घ्यायची.

आज दिवसभर नमुन्यांतला सेंद्रिय कर्ब मोजला. डायक्रोमेट, सल्फ्युरिक ॲसिड, अर्धा तास थांबायचं, पाणी घालायचं, निदर्शकाचे थेंब टाकायचे, मग ब्युरेटमधून फेरस अमोनियम सल्फेट थेंबाथेंबानं. गढूळ निळा-जांभळा रंग एका थेंबात हिरवा होतो. राहुरीत हे शेकडो वेळा केलंय, तरी तो एक थेंब पडताना अजून श्वास धरते. राहुरीत चंचुपात्रावर नुसता क्रमांक असायचा. आज त्या जागी उदगाव, अर्जुनवाड, कुरुंदवाड अशी गावं होती आणि त्यातल्या दोन गावांत माझे मामा आहेत.

दुपारी एक काका रिपोर्ट न्यायला आले. आप्पांपेक्षा थोरले. सामू (पीएच) ८.१, विद्युत वाहकता, म्हणजे क्षार किती ते सांगणारा आकडा, ५.६, सोडियमचं प्रमाण १५ टक्क्यांच्या खाली. दुकानदारानं त्यांना चोपणाला घालतात त्या जिप्समची पोती टाकायला सांगितलेली, पैसेही दिलेले. मी त्यांना खुर्चीत बसवून सांगितलं, "काका, तुमची जमीन क्षारयुक्त आहे, चोपण नाही. वाहकता ४ च्या वर आणि सामू साडेआठाच्या खाली. तुमचे क्षार पाण्यात विरघळतात, त्यांना जिप्सम नको, बाहेर पडायला वाट पायजे." ते बराच वेळ कागदाकडं बघत बसले. म्हणाले, "दोन वर्षं टाकतोय की, बाळ." त्यांना काय म्हणायचं ते मला सुचलं नाही. मी चहा मागवला. मग त्यांच्या रानाचा उतार कुठल्या बाजूला आहे, ओढा किती लांब आहे, ते विचारून घेतलं आणि त्यांनी स्वतःच्या हातानं रिपोर्टच्या मागं नकाशा काढला.

२३ मार्च

गेल्या रविवारी आप्पांना घेऊन आमच्याच रानातला नमुना काढला. घमेलं, लाकडी खुरपं आणि स्वच्छ धुतलेली बादली. वरचा पालापाचोळा हातानं बाजूला केला, व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा घेतला, आतली माती बाहेर काढली आणि मग एका कडेची बोटभर जाडीची चकती वरपासून खालपर्यंत तासून घेतली. आप्पा आधी बांधावर उभे राहून बघत होते. तिसऱ्या खड्ड्याला खुरपं त्यांनी मागून घेतलं. सगळी माती कापडावर ओतली, ढेकळं फोडली, चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकून दिले, उरलेलं मिसळून परत चार भाग, अर्धा किलो उरेपर्यंत. "चांगली माती टाकून कशाला देतीस?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आप्पा, सगळ्या रानाचं म्हणणं या मुठीत यायला पायजे." सावलीत सुकवून प्रयोगशाळेत नेली आणि क्रमांक टाकून ओळीत ठेवली, इतरांसारखीच.

सामू ८.९. विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना धरून बसलेला, सोडियम २१ टक्के. खरं चोपण. इथं जिप्सम लागणारच. त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर निघून जातो. पण निघून जायला जागा हवी. तळाला भोक नसलेल्या कुंडीत कितीही औषध ओतलं तरी ते कुंडीतच राहणार. माझ्या अख्ख्या प्रबंधात जिप्सम, साखर कारखान्याची मळी, हिरवळीच्या खताचा धैंचा यांचे तक्ते आहेत आणि ते सगळे तक्ते निचरा आहे असं धरून केलेले आहेत. घरी आल्यावर पहिला प्रश्न पडला तो निचऱ्याचाच.

उपाय ठाऊक आहे. सच्छिद्र पाइपा, बाहेरून जाळीचं वेष्टण, साडेतीन-चार फूट खोल, साधारण २० ते ३० मीटरच्या अंतरानं, उतार धरून. त्या सगळ्या एका मोठ्या नळीला जोडायच्या आणि ती नळी ओढ्यात सोडायची. शिरोळच्या दत्त कारखान्याच्या पुढाकारानं तालुक्यात अशी कामं झालीत, पांढरी पडलेली रानं परत उसाखाली आलीत, लोक जाऊन बघून आलेत. आमची अडचण एवढीच की आमच्या आणि ओढ्याच्या मध्ये तात्यांचं रान आहे.

आप्पा म्हणाले, "पाणी काढायचं म्हणजे तात्याच्या रानातनं काढायला पायजे. आणि बांधाच्या भांडणापायी तात्या आपल्याशी बोलत न्हाई, ते तुला ठाव हाय."

मी आईला घेऊन तात्यांकडं गेले. बांधाचा विषय काढलाच नाही. त्यांच्याही खालच्या कोपऱ्यात पांढरं आलंय, ते मी वाटेत बघून घेतलं होतं. म्हटलं, "तात्या, तुमच्या रानाचा नमुना काढून देऊ का? पैसे नकोत." काकूंनी पोहे केले. तात्या म्हणाले, "काढ की." पाइपांचं सांगितल्यावर मात्र गप्प झाले. खर्च किती, खोदाईत खोडवा मोडणार त्याचं काय, नळी तुंबली तर कुणी काढायची. तिन्ही प्रश्न बरोबर होते. त्यातल्या तिसऱ्याचं उत्तर माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. आईनं सांगितलं, "भाऊजी, दोघं मिळून काढू की."

राहुरीत मला वाटायचं, मी जाईन, तपासेन, सांगेन आणि जमीन सुधारेल. जमिनीचं शास्त्र मला येतं, त्याचा मला अभिमानही आहे. पण इथं पाणी बांध ओळखत नाही आणि माणसं बांध ओळखतात. या दोन्हींच्या मध्ये जे बोलणं आहे ते मला आता शिकायचंय. आईला ते येतं. तिनं कुठं शिक्षण घेतलं नाही, सासरी एवढी वर्षं काढली, तेवढंच.

२९ मार्च

तात्यांचा रिपोर्ट आला. वरची पट्टी ठीक, खालच्या कोपऱ्यात सामू ८.७. मी दोन्ही रिपोर्ट, आमचा आणि त्यांचा, एका कागदावर शेजारी शेजारी लिहून त्यांच्या हातात दिले. त्यांनी चष्मा लावला, दोन्ही आकड्यांवर बोट फिरवलं आणि विचारलं, "म्हणजे तुमचं पाणी आमच्याकडं यायलंय, का आमचं तुमच्याकडं?" मी खरं तेच सांगितलं, की दोघांचंही ओढ्याकडं जायला बघतंय.

गाईड सरांचा फोन आला होता. पीएच.डी.च्या अर्जाची तारीख त्यांनी परत सांगितली. मी यंदा नको म्हटलं आणि ओढ्याकडच्या रानाचं सगळं सांगितलं. त्यांनी मध्येच थांबवून विचारलं, "ओढ्याचा तळ तुमच्या नळीच्या तोंडापेक्षा खाली आहे ना? पावसाळ्यातही?" तेच अजून मोजलेलं नाही. ओढा फुगला की पाणी नळीतून उलटं रानात यायला नको.

तात्यांचा धाकटा पुण्याहून रविवारी येतोय, निर्णय तो आल्यावर. पावसाच्या आत खोदाई व्हायची तर एप्रिल हातात आहे. त्याआधी ओढ्याची लेव्हल काढायला हवी. प्रयोगशाळेतल्या दादांच्या ओळखीचा एक सर्व्हेवाला आहे, तो शनिवारी सकाळी यायला तयार झालाय. आप्पांनी त्याला रानाचा रस्ता दाखवायला मी नको म्हणून सांगितलंय, ते स्वतः तात्यांना घेऊन जाणार आहेत.